अमेरिकेत घरचं लोणचं विकायचंय: कोणत्या राज्यात चालतं, कुठे अडतं?

कैरीफोड
प्रश्न थेट मांडते. तीन लोणची आहेत: तेलातलं कैरीचं, लिंबाचं गोड, आणि गाजर-फ्लॉवर-मटार घातलेलं मिश्र भाज्यांचं. घरच्याच ओट्यावर करून छोट्या काचेच्या बाटल्यांत विकायची आहेत. टेक्सास, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या तीन राज्यांतल्या ओळखीच्या बायका मिळून ठरवतायत, कृती एकच. एका राज्यात परवानगी मिळाली की ती बाकीच्या दोन राज्यांत चालते का? आणि 'लोणचं' हा शब्द कायद्यात कुठे येतो? वाचायला घेतलं तर सगळीकडे केक, कुकी आणि जॅमच दिसतायत.

सामूमास्तर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. घरगुती पदार्थविक्रीचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. 'कॉटेज फूड लॉ' या नावाने शोधा. टेक्सासची मुभा न्यू जर्सीत शून्य. बहुतेक राज्यांत विक्री राज्याच्या हद्दीतच करायची असते, म्हणजे ऑस्टिनहून एडिसनला कुरिअरने बरणी पाठवली तर ती दोन्हीकडे बेकायदा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. कायद्याला 'लोणचं' कळत नाही, त्याला आकडा कळतो. केंद्रीय नियमांत (एफडीए, म्हणजे केंद्रीय अन्न-औषध खातं, त्याच्या संहितेचा भाग ११४) 'अ‍ॅसिडिफाइड फूड' असा वर्ग आहे: मुळात कमी आंबट असलेला पदार्थ, ज्यात आंबट घालून सामू, म्हणजे पीएच, ४.६ किंवा खाली आणलाय आणि ज्याची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे जिवाणूंना वापरता येईल अशा पाण्याचं माप, ०.८५ च्या वर आहे. गाजर, फ्लॉवर, मटार, हिरवी मिरची, लसूण, ओली हळद ही सगळी मुळात कमी आंबट. त्यामुळे तुमचं तिसरं लोणचं सरळ या वर्गात बसतं.

४.६ का? क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू त्याच्या खाली उगवत नाहीत. हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि त्याचं विष वासाला, चवीला कळत नाही. तेलाखाली बुडालेली फोड म्हणजे हवा नसलेलीच जागा. आपल्याकडे तेलाचा थर म्हणजे राखण, बुरशीपासून ती खरीही आहे, पण तिथल्या अन्ननिरीक्षकाला तोच थर खटकतो.

ह्यूस्टनकर
टेक्सासचं सांगतो, कारण तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बरंच बदललंय (सिनेट बिल ५४१) आणि जुने लेख अजून फिरतायत.

पूर्वी 'हे हे विकता येईल' अशी यादी होती. आता उलटं आहे: 'हे विकता येणार नाही' अशी यादी. तिच्यात मांस, कोंबडी, मासे, बर्फाचे पदार्थ (आइस्क्रीम, कुल्फी त्यातच आली), बाटलीबंद कमी आंबट पदार्थ, सीबीडी-टीएचसीवाले (गांजातल्या घटकांचे) पदार्थ आणि कच्चं दूध. बाकी चालतं. वार्षिक विक्रीची मर्यादा १,५०,००० डॉलर.

लोणच्याबद्दल टेक्सासचा इतिहास गमतीशीर आहे. २०१३ च्या कायद्यात 'पिकल' होतं, पण आरोग्य खात्याने त्याचा अर्थ फक्त काकडी असा लावला. गाजराचं, बीटाचं, कैरीचं लोणचं म्हणजे लोणचं नाहीच! त्यावर खटला झाला, आणि २०१९ मध्ये कायदा बदलून फळं-भाज्यांची लोणची आणि आंबवलेल्या भाज्या आत आल्या.

आता लोणच्याला अट अशी: कृती खात्याने मान्य केलेल्या स्रोतातली हवी, किंवा प्रयोगशाळेत तपासून सामू ४.६ च्या आत असल्याचं सिद्ध केलेली हवी, किंवा 'प्रोसेस अथॉरिटी' म्हणजे मान्यताप्राप्त तज्ज्ञाने पास केलेली हवी. तिन्हीपैकी काही नसेल तर प्रत्येक घाण्याचा सामू कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे अचूकता जुळवून घेतलेल्या, मीटरने स्वतः मोजायचा. प्रत्येक घाण्याला क्रमांक, तो लेबलवर, आणि नोंदवही १२ महिने जपून: क्रमांक, तारीख, कृती, मोजमाप.

मान्य स्रोतांतल्या कृती बहुतांशी व्हिनेगरमधल्या आहेत. मोहरीची डाळ आणि तेल घातलेली आपली कैरी त्यांत सापडेल अशी आशा धरू नका. सरळ प्रयोगशाळा गाठा.

आंबटचिंच
ह्यूस्टनकर, टेक्सासात परमिट लागतं का?

ह्यूस्टनकर
साध्या लोणच्याला नाही. फूड हँडलरचा छोटा कोर्स करायचा, प्रमाणपत्र ठेवायचं. गावाच्या किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याला तुमच्याकडून परमिट किंवा फी मागता येत नाही. फ्रिजमध्ये ठेवावे लागणारे पदार्थ (श्रीखंड, पुरणपोळी, उकडीचे मोदक) विकायचे असतील तर राज्याच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि ते पदार्थ दुकानात ठेवता येत नाहीत, थेट गिऱ्हाइकालाच द्यायचे. टिकाऊ पदार्थ मात्र नोंदणी केलेल्या विक्रेत्यामार्फत दुकानात जाऊ शकतात.

लेबलवर घरचा पत्ता छापायचा नसेल तर खात्याकडे नोंदणी करून त्याऐवजी क्रमांक मिळतो. बायकांनी हे जरूर करावं.

ओकट्री_रोड
न्यू जर्सीचं उत्तर कडू आहे. घरगुती पदार्थ विकायला मुभा देणारं हे देशातलं शेवटचं राज्य, मुभा आली तीच ऑक्टोबर २०२१ मध्ये. परमिटची फी १०० डॉलर, मुदत दोन वर्षं, वार्षिक विक्री ५०,००० डॉलरपर्यंत. साधा फूड हँडलर चालत नाही, 'फूड प्रोटेक्शन मॅनेजर'चं प्रमाणपत्र लागतं. तो अभ्यास थोडा जड आहे, तयारी करून बसा. घरात विहिरीचं पाणी असेल तर त्याची तपासणी वेगळी.

आणि लोणचं? यादीत नाही. यादीत बेक केलेले पदार्थ, कँडी, फज, सुकवलेली फळं, मसाले, सुकामेव्याची मिश्रणं, जॅम, मध, पॉपकॉर्न, व्हिनेगर आणि मोहरीची चटणी. म्हणजे मोहरी चालते, व्हिनेगर चालतं, दोन्ही कैरीवर घातली की चालत नाही. यादीत नसलेल्या टिकाऊ पदार्थासाठी खात्याला लेखी विचारता येतं. चकली-चिवड्यासाठी ते करून बघावं, लोणच्यासाठी मला त्यात फारसा दम वाटत नाही.

दुकानाला माल देता येत नाही, टपालाने पाठवता येत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन देणं, स्वतःच्या घरून देणं, शेतकरी बाजार आणि तात्पुरते मेळे, एवढंच.

पाटावरवंटा
न्यू जर्सीवाल्यांनी डेलावेअर नदीपलीकडे बघावं. पेन्सिल्व्हेनियात कृषी खात्याची 'लिमिटेड फूड एस्टॅब्लिशमेंट' म्हणून नोंदणी असते, फी ३५ डॉलर. लोणच्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल मागतात, पण देतात. विक्रीची कमाल मर्यादा नाही, दुकानात माल ठेवता येतो आणि राज्याबाहेरही विकता येतं, हे घरगुती धंद्यासाठी फार दुर्मीळ.

त्याची किंमतही आहे: निरीक्षक घरी येतो, स्थानिक झोनिंगचं (त्या जागेत धंदा चालतो असं) पत्र लागतं, स्वयंपाकघराचा नकाशा द्यावा लागतो, आणि घरात पाळीव प्राणी अजिबात नको. 'काम करताना मांजर बाहेर ठेवतो' हे चालत नाही; प्राणी घरातच राहता कामा नये. यावरच अर्ध्या लोकांचं अडतं. अर्थात घर पेन्सिल्व्हेनियात हवं, नुसता पत्ता नाही.

बे_एरियातली_बरणी
कॅलिफोर्निया: २०१३ पासून कायदा आहे. क्लास ए म्हणजे थेट विक्री, नुसती नोंदणी. क्लास बी म्हणजे दुकानांतही विक्री, त्यासाठी तपासणी. वार्षिक विक्रीची मर्यादा २०२२ मध्ये क्लास एला ७५,००० आणि क्लास बीला १,५०,००० डॉलर केली आणि ती महागाईप्रमाणे वाढते. पण राज्याच्या यादीत लोणचं नाही. हिकडे लोणच्याला कॅनरीचा (डबाबंद पदार्थांच्या कारखान्याचा) परवाना लागतो, तो घरातून मिळत नाही. भाड्याचं व्यावसायिक स्वयंपाकघर घ्यावं लागतं. 'मेहको' नावाची दुसरी सोय ऐकाल, ती त्याच दिवशी शिजवून त्याच दिवशी विकायच्या जेवणासाठी आहे, बरणीसाठी नाही.

वॉशिंग्टन राज्यातही लोणचं नाही. न्यूयॉर्कची 'होम प्रोसेसर' सवलत फुकट आहे पण लोणचं त्यातून वगळलंय.

सामूमास्तर
दोन राज्यांची भर. व्हर्जिनिया: सामू ४.६ किंवा कमी असलेली लोणची तपासणीशिवाय विकता येतात, पण लोणच्याची वार्षिक विक्री ९,००० डॉलरच्या आत. हौसेने सुरुवात करायला छान आकडा. इलिनॉय: जानेवारी २०२२ पासून नवा कायदा, स्थानिक आरोग्य खात्याकडे दरवर्षी नोंदणी, आणि लोणच्यासाठी तपासलेली कृती किंवा प्रयोगशाळेची चाचणी.

फोडणी_जळाली
इतकं कोण बघतं हो? प्रत्येक महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोणची, मेतकूट, भाजणी विकली जातेच. आजवर कोणाला पकडलंय?

पाटावरवंटा
पकडायला कोणी ग्रुपवर बसलेलं नसतं. तक्रार आली की सुरू होतं: शेजारी, स्पर्धक, किंवा पोट बिघडलेलं गिऱ्हाईक. तेव्हा खात्याचा पहिला प्रश्न परमिटचा आणि दुसरा घाण्याच्या नोंदीचा. शिवाय घराच्या विम्यात धंद्याची जबाबदारी साधारणतः वगळलेली असते, म्हणजे नुकसानभरपाई मागितली तर ती खिशातून. भाड्याच्या अपार्टमेंटचा करार किंवा सोसायटीचे नियम यांतही 'घरून व्यवसाय नको' असं एखादं कलम दडलेलं असतं. ते आधी वाचा.

आंबटचिंच
याहून मोठी गोष्ट कोणी बोललं नाही: व्हिसा. राज्याचं परमिट म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. एच-४ (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असाल आणि ईएडी (काम करण्याचा केंद्रीय परवाना) नसेल तर कमाईसाठी लोणचं विकणं हे विनापरवाना काम आहे, मग राज्याने दहा प्रमाणपत्रं दिलेली असोत. एच-४ ईएडी असेल तर स्वतःचा धंदा करता येतो. एच-१बी वाल्याने 'मी फक्त बरण्या भरतो, धंदा बायकोच्या नावावर आहे' हा खेळ खेळू नये. ग्रीन कार्डाच्या अर्जात हेच पुढे निघतं. पहिली बरणी विकण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

कैरीफोड
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. तिघींपैकी एकीला थांबावं लागेल.

आता टेक्सासपुरतं: सामू घरी मोजायचा तर नेमका कसा? पट्ट्या चालतील का?

सामूमास्तर
पट्ट्या नकोत. केंद्रीय नियमाप्रमाणे रंगपट्टीसारखी पद्धत सामू ४.० किंवा खाली असेल तरच चालते, त्यावर मीटरच हवा. शिवाय हळद-तिखटाच्या रंगात पट्टी काय वाचणार!

०.०१ पर्यंत दाखवणारा मीटर घ्या. मोजायच्या दिवशी ४.०० आणि ७.०० च्या बफरमध्ये (सामू आधीच ठरलेल्या द्रावणात) कॅलिब्रेट करा. बफरची पुडी फोडल्यावर जुनी वापरू नका.

मग असं करा:

लोणचं घातल्यावर लगेच मोजू नका. रस आंबट होतो पण फोडीच्या गाभ्यात आंबट पोचायला वेळ लागतो. कायद्याला हवाय तो 'समतोल सामू', फोड आणि रस एकसारखे झाल्यावरचा. किमान २४ तास, मोठ्या फोडी असतील तर जास्त.

बरणीतून फोडी आणि खार दोन्ही घ्या. तेल चाळणीवर पूर्ण निथळू द्या, वर राहिलेला तेलाचा थर काढून टाका. तेलाला सामू नसतो. ते प्रोबवर, म्हणजे मीटरच्या बुडवायच्या टोकावर, बसलं की आकडा भटकतो. निथळलेला ऐवज मिक्सरमध्ये गंधासारखा वाटा. फार घट्ट झाला तर दर १०० ग्रॅमला १० ते २० मिली डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचं नको, त्यातल्या क्षारांनी आकडा वर सरकतो.

वाटण खोलीच्या तापमानाला, २५ अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ द्या. प्रोब बुडवा, आकडा स्थिरावू द्या, तीनदा मोजा. मधे मधे प्रोब कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन डिस्टिल्ड पाण्याने विसळा. प्रोब कोरडा किंवा साध्या पाण्यात ठेवला की दोन महिन्यांत मरतो. त्याच्यासोबत येतं त्या साठवणीच्या द्रावणातच ठेवा.

४.६ ही सीमा आहे, ध्येय नाही. कृती ४.२ किंवा खाली बसवा. एका बरणीत ४.५८ आलं म्हणजे शेजारच्या बरणीत ४.६५ असू शकतं.

पाटावरवंटा
मिश्र भाज्यांच्या लोणच्यात नेमकं कुठे चुकतं ते सांगते. भाज्या धुऊन पुसल्या नाहीत की ते पाणी आंबट पातळ करतं. फ्लॉवरचे तुरे मोठे ठेवले की देठाचा गाभा आंबट होत नाही. सेंटिमीटरभराचे तुकडे करा. मटार अख्खे असतात आणि सालामुळे आंबट शोषायला वेळ घेतात, त्यांना उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, म्हणून '५ लिंबं' असं माप देऊ नका, रस मिलीमध्ये मोजा किंवा बाटलीतला रस वापरा. व्हिनेगर घालत असाल तर बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं हवं. आपल्या चवीला व्हिनेगर परकं वाटतं, मान्य. मग लिंबाचा रस किंवा सायट्रिक अ‍ॅसिड.

कृती एकदा तपासली की प्रमाण बदलायचं नाही. 'या वेळी मटार छान मिळाले म्हणून मूठभर जास्त' केलं की ती नवी कृती, चाचणी नव्याने.

लसणाची_पाकळी
आणि लसणाचं लोणचं? गरम तेल ओतून केलेलं?

सामूमास्तर
ते विकू नका. लसूण जमिनीतून येतो, बीजाणू घेऊन येतो, मुळात कमी आंबट, आणि तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवायचा: बॉट्युलिझमला हवं ते सगळं एका बरणीत. गरम तेलाने बीजाणू मरत नाहीत. ओलसर पाकळीचं तापमान १०० अंशांच्या पुढे फारसं जातच नाही आणि बीजाणू त्यात टिकतात. पाकळ्या ठेचून लिंबाच्या रसात मुरवून गाभ्याचा सामू खाली आणला आणि प्रयोगशाळेने पास केलं तर गोष्ट वेगळी.

बे_एरियातली_बरणी
एक शंका. कैरी आणि लिंबू तर मुळातच आंबट. त्यांना 'अ‍ॅसिडिफाइड' का म्हणायचं?

सामूमास्तर
बरोबर पकडलंत. मुळातच ४.६ च्या खाली असलेला पदार्थ 'अ‍ॅसिड फूड', आणि त्यात कमी आंबट घटक थोडेच असतील व शेवटचा सामू फारसा हलत नसेल तर तो भाग ११४ च्या बाहेर राहतो. नुसतं मीठ, साखर, तिखट घातलेलं लिंबाचं गोड लोणचं यात बसायला हरकत नाही. पण हे आपण ठरवायचं नाही. प्रोसेस अथॉरिटीला, बहुतेक राज्यांत ती कृषी विद्यापीठातच असते, कृती आणि बरणी पाठवायची आणि 'हा पदार्थ अमुक वर्गात बसतो' असं पत्र घ्यायचं. ते हातात असलं की निरीक्षकाशी बोलणं दोन मिनिटांत संपतं.

काही जण म्हणतात, 'भरपूर मीठ घातलंय, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी खालीच असणार.' मिठाच्या एकट्या जोरावर ०.८५ खाली यायला पाण्याच्या भागात २० टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं. इतकं खारट लोणचं दुसऱ्यांदा कोणी घेणार नाही. गोड लोणच्यात साखर मदतीला येते, तिथे हा मार्ग मोजून बघण्यासारखा.

ओकट्री_रोड
मंडळाच्या गणेशोत्सवात स्टॉल लावायचा असेल तर आयोजकांना आधी विचारा. काही ठिकाणी तात्पुरत्या कार्यक्रमाचं अन्नपरमिट वेगळं लागतं, आणि ते स्टॉलवर ताज्या बटाटेवड्यासाठी असतं. घरून भरून आणलेली बरणी त्यात आपोआप येत नाही.

ह्यूस्टनकर
लेबलबद्दल. टेक्सासात: धंद्याचं नाव, पत्ता किंवा नोंदणी क्रमांक, पदार्थाचं नाव, अ‍ॅलर्जीचे घटक, लोणच्याला घाणा क्रमांक, आणि 'हा पदार्थ खासगी घरात तयार झाला असून त्या जागेला सरकारी परवाना वा तपासणी लागू नाही' अशा अर्थाचं कायद्यातलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं. कॅलिफोर्नियात 'मेड इन अ होम किचन' १२ पॉइंटच्या अक्षरांत. प्रत्येक राज्याचं वाक्य वेगळं, नक्कल मारू नका.

कैरीफोड
अ‍ॅलर्जीत आमच्या लोणच्याचं काय येणार? मोहरी, मेथी, हिंग, हळद, तिखट, तेल. एवढंच.

पाटावरवंटा
मोहरी अमेरिकेच्या मुख्य नऊ घटकांत नाही. ते नऊ असे: दूध, अंडं, मासे, कवचवाले जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणा, गहू, सोया आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. कैरीत तिळाचं तेल घालणार असाल तर तीळ लिहायचा. शेंगतेल साधं घाणीचं असेल तर शेंगदाणा लिहायचा. अत्यंत शुद्ध केलेल्या तेलाला सूट आहे, घाणीच्या नाही. 'व्हेजिटेबल ऑइल' म्हणून मिळतं ते बहुधा सोयाबीनचं, बाटली फिरवून मागे वाचा. खोबरं घालणाऱ्यांसाठी: नारळाला एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये सुकामेव्याच्या यादीतून काढलंय, घटकांत मात्र लिहायचाच.

आणि ज्यात सगळे फसतात ते हिंग. डबीतलं हिंग शुद्ध नसतं, बांधणीचं असतं. त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. तुमच्या लोणच्यात चिमूटभर का असेना, गहू आला. घटकांत 'हिंग' लिहून थांबू नका, कंसात त्याचे घटक लिहा आणि खाली 'गहू आहे' असं स्पष्ट लिहा. नाहीतर तांदळाच्या पिठात बांधलेलं हिंग इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, ते घ्या. पण डबी बदलली की दर वेळी मागची बाजू वाचा.

कैरीफोड
आत्ता डबी फिरवून पाहिली. मैदा आहे.